मागच्या चटईवरची सोमीबाई

सोमीबाई,

तुझ्यासंबंधी मी आयुष्यात दोन कागद लिहिले. पहिला खोटा होता, दुसरा भित्रा. हा तिसरा. तो तू वाचणार नाहीस, कारण फेब्रुवारीत तुला पुरलं, आणि तुझ्या मातीलाही मी आले नाही.

हे एका मासिकाला द्यायचं ठरवलं आहे, म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही पुन्हा लिहाव्या लागतील. चिडू नकोस. मासिक वाचणाऱ्यांना तू कोण ते ठाऊक नाही. आणि तुमच्या गावात हे मासिक येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी ते निवडलं असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

तर वाचणाऱ्यांसाठी. सोमीबाई नवापूर तालुक्यातली, गुजरातच्या हद्दीला चिकटलेल्या एका डोंगरी गावातली ख्रिस्ती बाई. घरचं भात, नागली, थोडी तूर. नवरा ऊसतोडीत ट्रॅक्टरखाली सापडून गेलेला, एक मुलगी, ग्रेसी. मी त्याच भागात मुलींच्या एका शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळेला वसतिगृह होतं आणि त्या वसतिगृहात सोमीबाई चौदा वर्षं स्वयंपाक करत होती. मी स्वतः शहाद्याकडची, ब्राह्मणपुरीची. काळी जमीन, घरात नोकरदार माणसं, पुण्यात राहून एम.ए. केलेली. लग्न केलं नाही. हे सांगायचं कारण एवढंच की तुझा शब्द आणि माझा शब्द समोरासमोर आले तेव्हा कोणाचा उभा राहिला ते वाचणाऱ्याला कळावं.

तू मला अरेतुरे करायचीस. तुमच्या बोलीत अहोजाहो नाहीच, आणि मराठी तू शिकलीस ते प्रार्थनेत, त्यामुळे तुझं मराठी अर्धं चुलीजवळचं आणि अर्धं शास्त्रातलं. "खचित सांगते बाई, तू आज काही खाल्लं नाहीस." नव्या शिक्षिका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने तुला सांगून पाहिलं की मॅडमना 'तुम्ही' म्हणावं. तू म्हणालीस, "मी देवाला तू म्हणते. बाई त्याच्याहून मोठी का?" त्या बाईने पुन्हा विषय काढला नाही.

एकशे दहा मुलींच्या भाकरी तू आणि एक मदतनीस अशा दोघी थापायच्या. कोणती मुलगी किती खाते हे तुझ्या बोटांना ठाऊक होतं. एखादीने अर्धी भाकरी ठेवली की संध्याकाळी तिच्या खाटेपाशी जाऊन तिचं कपाळ बघायचीस. हे तुझं काम नव्हतं. मी तुला तसं बोललेही होते. "सोमीबाई, तू चूल सांभाळ. मुली सांभाळायला अधीक्षिका आहे." तू 'हो' म्हणायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी कपाळाला हात.

तुझ्या धर्माची मी चेष्टा करायचे. वाईट भावनेने नाही, असं मी तेव्हा म्हणायचे. शिकलेली माणसं स्वयंपाकघरात चहा घ्यायला येतात तेव्हा काहीतरी शहाणं बोलावंसं वाटतं, त्यातलं ते. एकदा विचारलं, "काय गं, देव असून तुमचा येशू मेला कसा? आणि तो मेला तर तुझं पाप कसं धुतलं गेलं? मी अंघोळ केली तर तू स्वच्छ होशील का?"

तू तवा उतरवून ठेवलास. मला वाटलं, रागावलीस. तू पाटावर बसलीस आणि तुझ्या भावाचं सांगितलंस.

भावाचं नाव वाहरू. तू सात वर्षांची, तो पाच. त्याला ताप चढला, उतरेना. बापाने देवाला कोंबडा दिला. ताप तसाच. दुसरा कोंबडा दिला. मग शेजाऱ्याकडून बकरा आणला, तो दिला. दरवेळी कोणीतरी सांगायचं, देवाचं मन भरलं नाही. "बाई, दारात एक पीस उडत नव्हतं. तेव्हा बाप गाईकडे बघायला लागला. आईने गाईच्या गळ्याला मिठी मारली." त्या दिवसांत सायकलवरून एक प्रचारक गावात यायचा. तो बापाजवळ बसला आणि म्हणाला, बळी झाला आहे. एकदाच झाला, सगळ्यांसाठी झाला, आता कोणाला काही कापायचं नाही.

"मग वाहरू बरा झाला?" मी विचारलं.

"नाही. मेला."

"मग काय उपयोग झाला?"

"बापाला झाला," तू म्हणालीस. "आमच्याकडे पोरगं गेलं की माणूस वर्षानुवर्षं म्हणत बसतो, आणखी एक बकरा दिला असता तर वाचलं असतं. बाप तसं म्हणाला नाही. रडला, पण तसं म्हणाला नाही. त्याच्या मानेवरून ते उतरलं होतं."

मी चहा संपवला आणि म्हटलं, "सोय चांगली आहे. दुसऱ्याने मरायचं आणि आपण सुटायचं."

"सोय नाही, बाई. तो मेलाय."

मी कप ठेवून ऑफिसात गेले. मला वाटलं, वादात मीच जिंकले.

आता आशाचं.

आशा सातवीत होती, सोमीबाईच्याच गावची. तिचा बाप आमश्या हा तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. आशाला सिकलसेल होता. त्या भागात हा आजार घरोघर आहे. रक्त अडतं, हाडं ठणकतात, ताप येतो, आणि वेळेवर दवाखान्यात नेलं नाही तर काहीही होऊ शकतं. तिच्या फायलीत तसं कार्ड होतं. ते मी स्वतः लावलेलं होतं.

बुधवारी शाळेची तपासणी होती. नंदुरबारहून साहेब येणार, मुलींची हजेरी मोजणार. मंगळवारी सकाळी तू ऑफिसच्या दारात आलीस, हाताला पीठ तसंच. "बाई, आशाचं अंग तापलंय. डोकं फार दुखतं म्हणते. दवाखान्यात न्यायला पाहिजे." मी रजिस्टरवरून मान वर न करता म्हटलं, गोळी दे, उद्या तपासणी झाली की नेऊ. संध्याकाळी तू पुन्हा आलीस. "ती रडत नाही, बाई. रडत होती तेव्हा बरी होती." मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी. सांगितलं ना." बुधवारी सकाळी तू तिसऱ्यांदा आलीस आणि म्हणालीस, चिठ्ठी दे, मी पाठीवर घेऊन जाते. मुलीला फाटकाबाहेर न्यायला माझ्या सहीची चिठ्ठी लागे, तो नियम माझाच. तेव्हा मी जे बोलले ते शब्दशः लिहिते. "तू भाकरी थापतेस की डॉक्टरकी करतेस? साहेबांसमोर मला एक मुलगी कमी दाखवायला लावणार आहेस का?"

दुपारी साहेब जेवायला बसले आणि आशा रांगेत उभी असताना पडली. तोंड वाकडं झालं होतं. उजवा हात, उजवा पाय लुळा.

चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी तिचा जीव वाचवला. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधीपासून लागलं? आमश्या तोवर शेतातून धावत आला होता, चिखलाच्या पायांनी भिंतीला टेकून उभा होता. तू दाराजवळ आशाच्या चपला हातात धरून उभी होतीस. आणि मी म्हटलं, "मला आज कळलं. स्वयंपाकिणीला कालपासून ठाऊक होतं, तिने कळवलं नाही."

इतकं सोपं होतं ते. मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर मला मोकळं वाटलं, हे जास्त लाजिरवाणं. तू माझ्याकडे पाहिलंस. आरडाओरडा केला नाहीस, कारण आमश्या रडत होता. मी तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला.

दुसऱ्या दिवशी मी खुलासा लिहून तुझ्यापुढे ठेवला. 'मला मुलीच्या आजाराची माहिती असूनही मी ती वरिष्ठांना दिली नाही.' हाच तो पहिला कागद. तू अक्षराला अक्षर लावून वाचलास. मग पेन माझ्या टेबलावर आडवं ठेवलंस.

"हे खोटं आहे, बाई."

"नुसती सही आहे. तुला काही होणार नाही. मी संस्थेशी बोलेन."

"सही माझी ना? मग खोटं बोलणार मी."

तू सही केली नाहीस. मी तुझ्या सहीशिवायच तो वर पाठवला, 'सदर कर्मचारी सही करण्यास नकार देते' असा शेरा मारून. महिन्याभरात तुला काढलं. तू ग्रेसीला घेऊन ऊसतोडीला गेलीस. मी दोन वर्षांनी निवृत्त झाले. संस्थेने शाल दिली.

नोकरी गेली हे वाईट. पण तुझ्यालेखी ते मोठं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

वाचणाऱ्यांना हे सांगायला हवं. त्या डोंगरातल्या मंडळीत प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा होतं. भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. येशूचं शरीर आणि रक्त म्हणून घेतात. आदल्या दिवशी पंच मंडळीला बसवतात आणि एकेकाचं नाव घेऊन विचारतात, तुझं कोणाशी काही बाकी आहे का? ज्याचं असेल त्याने तिथेच उभं राहून कबूल करायचं, ज्याचा अपराध केला त्याचा हात धरायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी भाकर घ्यायची. कबूल केलं नाही तर घरी घालवत नाहीत. बसायचं, पण मागच्या चटईवर. भाकर तिथवर येत नाही.

सोमीबाईचं नाव आलं तेव्हा पंचांनी विचारलं, आशाचं कबूल करतेस? ती म्हणाली, "मी बाईला तीनदा सांगितलं होतं." आमश्या म्हणाला, "बाई खोटं बोलतील? बाईंनी कागदावर लिहिलंय." सभेत कुजबुज झाली, एक म्हातारी म्हणाली, "सोमी, कबूल करून मोकळी हो. कोण नाही चुकत?" ती म्हणाली, "जे केलं नाही त्याची माफी मागितली तर ते देवापुढे खोटं होईल. मी मागे बसते." आणि बसली. पंधरा वर्षं.

तुला काढल्यावर वर्षभराने मला हे कळलं, ग्रेसीकडून. ती नवापूरला एस.टी. स्टँडवर भेटली. मी साडी आणि खाऊ घेऊन तुझ्या घरी आले. रिकाम्या हाताने यायला लाज वाटत होती. आता वाटतं, भरल्या हाताने येण्याची वाटायला हवी होती.

तू अंगणात भात पाखडत होतीस. "बस बाई," म्हणालीस. सूप थांबवलं नाहीस. मी साडी खाटेवर ठेवली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी माझी अक्कल काढली.

"सोमीबाई, तू उगाच ताणतेस. कबूल करून टाक. तुमच्यात तर लगेच क्षमा मिळते. येशूने सगळ्यांचं आधीच भोगलंय म्हणता ना? मग त्यात हे एक आणखी घाल. कोणाचं काही बिघडत नाही."

सूप थांबलं.

"कोणाचं घालू? तुझं?"

मग आणखी वाईट बोलले. म्हटलं, "तू माझ्यासाठी सोसलंस ते मला कळतं. तुमच्या धर्मात हेच तर मोठं मानतात. निर्दोष माणसाने दुसऱ्याचं आपल्यावर घेणं."

मी ते कौतुक म्हणून म्हटलं होतं. खरंच. वर्षभर मी मनात तसंच मांडून ठेवलं होतं, की तू ख्रिस्ती, त्यामुळे तू हे समजून-उमजून घेतलंस, त्यामुळे ते जवळजवळ सुंदरच आहे. एम.ए.ला तत्त्वज्ञान होतं माझं.

तू हसलीस. तुझं ते हसू अजून कानात आहे. त्यात कडवटपणासुद्धा नव्हता, फक्त आश्चर्य. "बाई, मी कुठे घेतलं? येशूला बापाने विचारलं होतं. त्याला भीती वाटली, घाम फुटला, तरी तो हो म्हणाला. आपल्या पायाने गेला. मला कोणी विचारलं? बकऱ्याला विचारतात का? तू मला मानेला धरून पुढे केलंस."

मग सूप बाजूला ठेवून तू माझ्यासमोर मांडी घालून बसलीस. "तुला वाहरूचं सांगितलं होतं. एक बळी झाला, पुरे झाला, आता कोणाला कापायचं नाही. तू आणखी एक कशाला केलास?"

मी रडले. तू पाणी आणून दिलंस. माफ केलं म्हणालीस? म्हणालीस. "माझं म्हणशील तर माफ आहे, मी ते देवाजवळ ठेवलं. पण त्याने तुझं काम होत नाही. एका रविवारी ये. प्रभुभोजनाच्या दिवशी ये. मंडळीत उभी राहा आणि एवढंच म्हण, सोमीने मला तीनदा सांगितलं होतं. आमश्याला बघून म्हण. आशाला बघून म्हण. मग माझ्या शेजारी बस हवं तर. जेवायला घालीन."

"येते," मी म्हटलं.

साडी तू परत दिलीस. खाऊ ठेवून घेतलास, ग्रेसीला आवडतो म्हणून.

त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला माझ्या भावाच्या घरी लग्न होतं. खरंच होतं, पण एका दिवसाचं. दुसऱ्याला गुडघा. मग निवृत्ती, ब्राह्मणपुरीला सामान हलवणं. मग दरवेळी काही ना काही, आणि पुढे दोन वर्षं करोना, तेव्हा तर मला वाटलं देवानेच माझ्यासाठी दार लावलं. तू निरोप पाठवायचीस. ग्रेसीकडे फोन आल्यावर फोनवरून. "बाई, या महिन्यात शेवटच्या रविवारी आहे." कधी जाब नाही, टोमणा नाही. एकदाच म्हणालीस, "बाई, तू परीक्षेला उशिरा येणाऱ्या पोरींना बाहेर उभं करायचीस ना?" आणि हसून फोन ठेवलास.

मला भीती कसली होती? पेन्शन बंद होणार नव्हती. आमश्या हात उचलणारा माणूस नाही. खरं सांगायचं तर तो मला माफ करेल याचीच धास्ती होती. चिखलाच्या पायांचा तो माणूस मंडळीसमोर माझा हात धरेल, आणि मला तो धरू द्यावा लागेल.

एकदा आले होते मी. तुला हे कधी सांगितलं नाही. करोनाच्या आधीची गोष्ट. गाडी प्रार्थनाघराच्या अलीकडे आंब्याखाली उभी केली. खिडकीतून सगळं दिसत होतं. पत्र्याचं छप्पर, चटया, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, ढोलकीवर गाणं. तू मागे भिंतीला टेकून बसली होतीस, पांढरी साडी. आमश्या भाकरीचं ताट घेऊन रांगेने आला. शेवटच्या रांगेपर्यंत आला, तुझ्या पुढच्या चटईवरच्या बाईने घेतली, आणि तो वळला. तू मान खाली घातली नाहीस. गाणं म्हणत होतीस. सगळं झाल्यावर लहान लहान पेले गोळा करून तू धुवायला नेलेस. ते काम तुझंच होतं म्हणे, कारण तुझ्यासारखे स्वच्छ कोणी धूत नाही.

मी दार उघडून खाली उतरलेही होते. तेवढ्यात एक तरुण मुलगी पाय ओढत बाहेर आली. आशा. ओळखायला वेळ लागला नाही. तिने डावा हात कपाळाला लावला. "सलाम बाई! तुम्ही? या ना आत!"

"सहज आले होते. इकडे नातेवाईक आहेत," मी म्हटलं. माझे नातेवाईक त्या डोंगरात.

ती आनंदाने बोलत राहिली. शिवणकाम शिकली होती, डाव्या हाताने मशीन चालवते. तुमच्यामुळे वाचले, म्हणाली. बाबा सांगतात, बाईंनीच गाडी करून दवाखान्यात नेलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सोमीमावशीला मी केव्हाच माफ केलंय, बाई. मनापासून. पण तिला माफी नकोच आहे. म्हणते, मी केलंच नाही. एवढा हट्ट सोडला तर आमच्यात येऊन बसेल."

आणि मी काय म्हटलं? लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "जुनी माणसं हट्टीच असतात."

गाडीत बसले. नवापूर येईपर्यंत ड्रायव्हरला गाणी लावायला सांगितली.

गेल्या पावसाळ्यानंतर तुझं पोट दुखायला लागलं. जानेवारीत ग्रेसीचा फोन आला, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. तुमच्या मंडळीचा नवा पाळक, जोएल, तरुण माणूस, समजूतदार. तो स्वतःच्या जबाबदारीवर भाकर आणि प्याला घेऊन तुझ्या खाटेपाशी आला होता. ग्रेसीने सांगितलं, तू घेतली नाहीस. "चोरून नको, जोएल. मंडळीसमोर काढलं ते मंडळीसमोर दे. माझं अडलं नाही. त्याने मला केव्हाच जवळ घेतलंय. बाईचं अडलंय. तिला सांग, ये."

म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तुला खाटेसकट प्रार्थनाघरात नेणार होते.

मी जोएलला फोन केला. विचारलं, लिहून पाठवलं तर चालेल का? माझं वय, प्रवास. तो म्हणाला, "बाई, आमच्यात कागद उभा राहत नाही. माणूस उभं राहतं." तरी मी लिहून पाठवलं. हा दुसरा कागद. त्यात होतं, त्या वेळी काही गैरसमज झाले, परिस्थिती कठीण होती, सोमीबाई प्रामाणिक कर्मचारी होत्या. तीनदा सांगितल्याचं त्यात नव्हतं. जोएलने तो आमश्याला दाखवला. आमश्या म्हणाला, "बाई मोठ्या मनाच्या. अजून तिची बाजू घेतात."

हे जोएलने मला फोनवर सांगितलं, आणि मी हादरले. म्हटलं, नाही, येते. रविवारी नक्की येते, मंडळीला सांगून ठेव. त्याने सांगितलं. तुलाही सांगितलं.

रविवारी सकाळी सातला गाडी दारात होती. ब्राह्मणपुरीहून प्रकाशा, नंदुरबार, विसरवाडी, नवापूर, आणि तिथून वर. तीन तास धरले होते. मी पाचला उठून अंघोळ केली, इस्त्रीची साडी नेसले. मग खाटेवर बसले. साडेसात झाले. माझी वहिनी भिकुबाई दोनदा डोकावून गेली.

"ताई, गाडीवाला कव्हयना उभा शे. जावानं शे का नही?"

"जाते. पाय धरलाय जरा."

"पाय कालदिन तं बरा व्हता."

आठ. नऊ. हॉर्न वाजला, मग वाजायचा थांबला. नऊनंतर निघून प्रभुभोजनाला पोचणं शक्य नव्हतं, हे मला ठाऊक होतं, आणि मी नऊ वाजण्याचीच वाट बघत होते हेही तेव्हा कळलं. भिकुबाईने गाडीवाल्याला चहा दिला आणि परत पाठवलं. आत येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "जावानं नही तं इतली चांगली साडी कशाले नेसनात?" उत्तराची वाट न बघता ती चुलीकडे गेली.

साडेदहाला फोन वाजला. ग्रेसी. मागे ढोलकी ऐकू येत होती, माणसांचा आवाज, एक मूल रडत होतं.

"बाई, आई विचारते, कुठपर्यंत आल्या?"

मी खाटेवर बसले होते. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं.

"विसरवाडीपर्यंत आलेय," मी म्हटलं.

"आई, विसरवाडीला आल्या!" ग्रेसी तोंड बाजूला करून ओरडली. मग तू काहीतरी म्हणालीस. ते मला ऐकू आलं नाही. ग्रेसी म्हणाली, "आई म्हणते, घाई करू नका, रस्ता खराब आहे. आम्ही थांबतो."

नंतर फोन चार वेळा वाजला. मी उचलला नाही.

मंगळवारी तू गेलीस. त्या रविवारी दीड वाजेपर्यंत मंडळी भाकरीवरचं फडकं न काढता बसून होती, हे जोएलने मला नंतर सांगितलं. आमश्या दोनदा रस्त्यावर जाऊन बघून आला.